शंभर गुणांचा तक्ता

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी धर्मादाय दवाखाना होता आणि त्यात डायलिसिसची 4 यंत्रं होती. एक यंत्र हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी वेगळं ठेवावं लागे. उरली 3. टेक्निशियन दोघेच, म्हणून दिवसाला दोन पाळ्या. 3 यंत्रं, 2 पाळ्या, आठवड्याचे 6 दिवस, अशा 36 जागा होत्या. त्यांवर 14 माणसं जगत होती. 8 जण आठवड्यातून तीनदा येत, 6 जण दोनदा. यादीत आणखी 7 नावं होती.

2013चा फेब्रुवारी होता. पाऊस दगा देऊन गेला होता, गावात टँकर सुरू झाले होते. उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी जीवनदायी योजना आदल्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, पण हा जिल्हा त्यांत नव्हता. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसापुढे तीनच वाटा होत्या : हा दवाखाना, नव्वद किलोमीटरवरच्या शहरातलं खासगी रुग्णालय, नाहीतर घर.

कुणाला घ्यायचं हे तोवर डॉक्टरच ठरवत. खरं तर चिठ्ठ्या ठरवत. एक चिठ्ठी आमदारांची, एक कारखान्याच्या संचालकांची, एक कुणा महाराजांच्या मठातली. डॉक्टर कंटाळले. त्यांनी संस्थेला लिहून दिलं की उपचार मी करीन, पण कुणी जगायचं ते माझ्या एकट्याच्या माथी मारू नका. मग पाच जणांची समिती नेमली गेली. संस्थेचे अध्यक्ष आबा, निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी, वकीलसाहेब, डॉक्टर आणि डायलिसिस विभागाच्या सिस्टर.

गुरुजी सरळमार्गी माणूस. चाळीस वर्षं पेपर तपासले, पण अर्ध्या गुणाचाही अन्याय होऊ दिला नाही, अशी त्यांची ख्याती. चिठ्ठ्यांचा त्यांना मनापासून राग होता. पहिल्या बैठकीला ते फुलस्केप कागदावर आखलेला तक्ता घेऊन आले. वय 25 गुण. पोसायची माणसं 20. नियमितपणा 20. समाजाला उपयोग 15. समज आणि स्वच्छता 10. कमाई 10. एकूण 100.

"आता कुणाचा वशिला नको अन् कुणाची दया नको. ज्याचे गुण जास्त, त्याला जागा," गुरुजी म्हणाले.

यादीतल्या सातही जणांना त्यांनी गुण देऊनच आणले होते. सगळ्यांत वर होता मोटारी वाइंडिंग करणारा सत्तावीस वर्षांचा तरुण. पदरी दोन लहान मुली, निर्व्यसनी, स्वतःचं दुकान. त्याला 81. बाकीचे त्याच्या खाली ओळीने. आबांनी मान डोलावली. वकीलसाहेब म्हणाले, उद्या कोर्टात प्रश्न आला तर कागद दाखवता येईल.

सिस्टर तक्ता वाचत होत्या. त्यांनी विचारलं, "गुरुजी, मोजमाप चांगलं असेल तर ते सगळ्यांनाच लागू पाहिजे ना?"

"अर्थात."

"मग आत आहेत त्यांनाही लावून बघू या."

त्यांनी हजेरीचं रजिस्टर आणलं आणि चौदा जणांची नावं एकेक करून वाचायला घेतली. गुरुजी गुण देत गेले. चौदांपैकी पाच जण चाळीस गुणांच्या आतच राहिले. सगळ्यांत खाली आली अक्का. वय 58, विधवा, शेतमजूर, मुलगा ऊसतोडीला कर्नाटकात. 24 गुण. नियमितपणात वीसपैकी 4, कारण चार महिन्यांत तिच्या 11 खेपा चुकल्या होत्या.

"बघा," गुरुजी हळहळून म्हणाले, "येणंच नाही, तर जागा अडवून काय उपयोग?"

सिस्टरांनी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. प्रत्येक गैरहजेरीसमोर त्यांनी बारीक अक्षरात कारण लिहून ठेवलं होतं. तीन ठिकाणी लिहिलं होतं 'एसटी आली नाही'. अक्काचं गाव पस्तीस किलोमीटर आत, सकाळी एकच गाडी. दोन ठिकाणी 'ताप'. उरलेल्या सहा ठिकाणी एकच मजकूर होता : 'टँकर नाही, पाळी रद्द'.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डायलिसिसच्या यंत्रात पडद्याआड, रक्ताच्या दुसऱ्या बाजूने मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्राव वाहत असतो. चार तासांत 120 लिटर. तो द्राव आरओच्या शुद्ध पाण्यावर तयार होतो आणि आरओ जेवढं शुद्ध करतो जवळजवळ तेवढंच पाणी फेकून देतो. म्हणजे एका माणसामागे अडीचशे लिटर धरा. टँकर आला नाही की पाळी बंद. पाळी बंद झाली की गावातल्या माणसाला फोन जायचा आणि तो संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येऊन जायचा. अक्का पहाटेच्या गाडीने निघालेली असायची. ती दारात येऊन बसायची, दुपारच्या गाडीने परत जायची. रजिस्टरात तिच्या नावापुढे फुली पडायची.

गुरुजींनी त्या सहा ओळी दोनदा वाचल्या. दवाखान्याकडे पाणी नव्हतं, आणि गुण अक्काचे कापले गेले होते.

मग डॉक्टर बोलले. त्यांनी सांगितलेली हकीकत अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराची होती.

1960च्या आधी कायमची निकामी झालेली मूत्रपिंडं म्हणजे मरणच. कृत्रिम मूत्रपिंड होतं, पण दर वेळी धमनी आणि शीर उघडावी लागे आणि थोड्याच खेपांत जागाच उरत नसे. बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी टेफ्लॉनची नळी हाताबाहेर कायम जोडून ठेवायची युक्ती काढली. मार्च 1960 मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा एका यंत्रकामगाराला बसवली. तो माणूस पुढे अकरा वर्षं जगला. ज्या आजाराला उपायच नव्हता त्याला उपाय निघाला, आणि त्याच दिवशी नवा प्रश्न उभा राहिला. उपाय हजारोंना हवा आणि खाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

1962च्या जानेवारीत तिथे स्वतंत्र केंद्र सुरू झालं. वैद्यकीय चाळणीतून पार झालेल्यांपैकी कुणाला घ्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती बसली. त्यांत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, गृहिणी होती, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होता. त्यांची नावं गुप्त होती आणि मोबदला काही नव्हता. वॉशिंग्टन राज्याबाहेरच्यांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आधीच वगळलेलं. समितीतले लोक राहिलेल्यांचं वय, लग्न झालंय का, मुलं किती, कमाई किती, मालमत्ता किती, शिक्षण किती, पूर्वी काय केलं, पुढे काय करतील, हे सगळं बघत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी 'लाइफ' मासिकात ते छापलं आणि देश हादरला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की ही समिती आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय, संसारी, बेताने वागणाऱ्या माणसांना वाचवत होती. एकलकोंडा, वेगळ्या वाटेचा, कुणालाही न जुमानणारा माणूस तिथे टिकलाच नसता.

"गुरुजी, ती सातही माणसं तुमच्यासारखीच सज्जन होती," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी पैसे खाल्ले नाहीत, वशिला मानला नाही. पण कुठला आजारी जगायला जास्त लायक, हा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतला. तो कुणालाच सोडवता येत नाही."

"मग काय, चिठ्ठ्याच बऱ्या?" गुरुजींचा आवाज चढला. त्यांचंही खरं होतं. नियम नसला की बळी तो कान पिळी, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

वकीलसाहेबांनी वेगळाच मुद्दा काढला, आणि मला वाटतं त्या बैठकीतला सर्वांत अवघड मुद्दा तोच होता. आठवड्यातून दोनदा म्हटलं तरी एका माणसाला वर्षाला 104 वेळा यंत्रावर घ्यावं लागतं. दर वेळचा खर्च हजाराच्या पुढे. एवढ्या पैशात किती शेकडो लोकांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहील? त्यांतल्या किती जणांची मूत्रपिंडं वाचतील? "ते लोक इथे दारात उभे नाहीत, म्हणून त्यांची चिठ्ठी नाही की अर्ज नाही. पण पैसा त्यांच्याही वाट्याचा आहे."

डॉक्टरांनी हे झटकून टाकलं नाही. अमेरिकेनेही तोच अनुभव घेतला, ते म्हणाले. 1971च्या नोव्हेंबरात तिथे एका रुग्णाने संसदेच्या समितीसमोर स्वतःला यंत्राला जोडून घेतलं. ऑक्टोबर 1972 मध्ये कायदा झाला आणि जवळजवळ प्रत्येक मूत्रपिंडाच्या रुग्णाचा खर्च सरकारने उचलला. निवडणाऱ्या समित्यांची गरज संपली. पण खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. त्यांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतल्या शंभरातल्या एखाद्याच माणसाला हा आजार, आणि शंभर रुपयांतले सहा-सात रुपये त्यावर जातात. "पैसा कुठूनतरी कमी होतोच. तरीही ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे, जो बाकावर बसून धापा टाकतोय, त्याला रक्तदाबाच्या गोळीचा हिशेब सांगून घरी पाठवता येत नाही. दोन्ही करावं लागेल. आणि कशातून कशाला किती दिलं ते लिहून ठेवावं लागेल."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. आठवड्याने पुन्हा बसले. गुरुजींनी तक्ता आणला नव्हता, कोरा कागद आणला होता.

ठरलं ते असं. डायलिसिसने फायदा होईल की नाही एवढंच डॉक्टर सांगतील, दुसरं काही नाही. त्यानंतर क्रम तारखेने. यावर सिस्टरांनी पुन्हा हरकत घेतली. ज्याच्याकडे मोटारसायकल तो आधी पोचतो, खेड्यातल्या बाईला महिनाभराने कळतं. म्हणून तारीख दवाखान्यात नाव घातल्याची धरायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कुठेही रक्ताचा रिपोर्ट पहिल्यांदा बिघडलेला आला असेल, त्या कागदाची धरायची. पाणी आलं नाही किंवा गाडी आली नाही तर ती गैरहजेरी रुग्णाची नाही. टँकर कमी आला तर दुरून येणाऱ्याची पाळी शेवटी रद्द होईल. यादी नावं न घालता क्रमांकाने दाराशी भिंतीवर लागेल.

राहिला सर्वांत कठीण भाग. आठ जण तीनदा येत होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की तीनदाच योग्य. दोनदा केलं तर मधल्या दिवसांत अंगात पाणी साठतं, झोपलं की दम लागतो, पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. पण सगळ्यांना दोनदा केलं तर 8 जागा मोकळ्या होतात आणि यादीतले चार जण आत येतात.

तीनदा येणारे आठही जण पूर्ण पैसे भरू शकणारे होते. त्यांतले एक आबांचे सख्खे मेहुणे.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळ्यांना दोनदा. घरचं मी बघतो." त्यांच्या घरात पुढे महिनाभर जेवणाच्या ताटावर कुणी कुणाशी बोललं नाही. पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

डॉक्टरांनी एक अट घातली. ठरावात असं लिहायचं की दोनदा देणं अपुरं आहे आणि आपण ते नाइलाजाने देत आहोत. "नाहीतर पाच वर्षांनी लोक दोनदालाच पुरेसं समजतील. कमी देतोय हे लिहिलं नाही, तर कमी आहे हे कुणी मागणारही नाही." ठरावाचं पहिलं वाक्य तेच झालं.

चार जण आत आले. त्यांत एक पासष्टीचा गुराखी होता. गुरुजींच्या तक्त्यात तो शेवटून दुसरा होता, पण त्याचा कागद आदल्या नोव्हेंबरातला होता. मोटारी वाइंडिंग करणारा तरुण यादीत पाचवा आला.

त्याने शहरात जाऊन खासगीत उपचार घेतले. आधी दुकानातली यंत्रं विकली, मग बायकोचे दागिने. आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे संपले. पाच दिवसांनी रात्री घरीच त्याचा श्वास लागला आणि तो गेला.

गुरुजी त्या घरी गेले. जायलाच हवं होतं. तो त्यांचा विद्यार्थी होता, आणि त्यांच्याच तक्त्याने त्याला 81 गुण दिले होते. तो तक्ता ठेवला असता तर पोरगा जगला असता आणि गुराखी गेला असता. गुरुजींनी हे स्वतःपासून लपवलं नाही. ओसरीवर दोन्ही मुली खेळत होत्या. म्हातारे वडील भिंतीला टेकून बसले होते.

"गुरुजी, पोराचा नंबर कितवा व्हता?"

"पाचवा."

"अन् घेतले चार."

"चारच घेता आले."

म्हातारा म्हणाला, "मी येऊन यादी बघून गेलो. तारखा लावल्यात. चौथ्याचा कागद आमच्या आधीचा हाय. त्यात काही खोट न्हाई." थोडं थांबून त्याने विचारलं, "पण पाचव्याला जागा काऊन नव्हती? ते कुणी ठरवलं?"

गुरुजींजवळ उत्तर नव्हतं. समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या. 36 जागा कशा वाटायच्या यावर पाचही जणांनी जीव तोडून विचार केला होता. जागा 36च का, हे एकानेही विचारलं नव्हतं. छत्तीस हा आकडा जणू वरून आला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सिस्टरांसमोर वही उघडून बसले. यंत्रं दिवसाला दोन पाळ्या चालतात, तिसरी का नाही? यंत्रं थकतात म्हणून नव्हे. दोन टेक्निशियनांचा पगार आणि दिवसाला एक जास्तीचा टँकर, एवढंच कमी होतं. तिसरी पाळी झाली तर 36च्या 54 जागा होतात. दोनदाच्या हिशेबाने 18च्या ठिकाणी 27 माणसं. यादीतला पाचवाच काय, सातवाही आत आला असता, आणि वर जागा उरल्या असत्या.

संस्थेच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दर्शनी कमानीसाठी रक्कम धरलेली होती. संस्थापकांच्या नावाची, घडीव दगडाची कमान. ती कुणी चोरून धरली नव्हती, सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजवून मंजूर झाली होती. त्या सभेत गुरुजीही होते.

त्यांनी समितीची बैठक बोलावली आणि त्या म्हाताऱ्याला सोबत आणलं. तो फार बोलला नाही, ओसरीवर विचारलं होतं तेच त्याने पुन्हा विचारलं. कमान पुढे ढकलली गेली. कारखान्याने आपल्या विहिरीवरून रोज एक टँकर द्यायचं कबूल केलं. दोन टेक्निशियन मिळायला मात्र दोन महिने गेले, कारण शिकलेली मुलं तालुक्याच्या गावी यायला तयार होत नव्हती. त्या दोन महिन्यांत यादीतला आणखी एक जण गेला. जुलैत तिसरी पाळी सुरू झाली.

वकीलसाहेबांचा मुद्दाही वाया गेला नाही. आठवडी बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी टेबल टाकून फुकट रक्तदाब आणि साखर तपासणं सुरू झालं. त्या टेबलाचा खर्च डायलिसिसच्या खर्चाशेजारीच फलकावर लिहिला जाऊ लागला, म्हणजे कशाला किती जातं ते गावाला दिसावं.

नोव्हेंबर 2013 मध्ये जीवनदायी योजना सगळ्या महाराष्ट्रात लागू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत, त्यात डायलिसिसही. 2017 पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. 2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. पैशाची अडचण पुष्कळ हलकी झाली. पण योजनेचं कार्ड हातात असलं म्हणून यंत्र रिकामं मिळतंच असं नाही. पस्तीस किलोमीटरवरून पहाटेच्या एसटीने यायचे कष्टही त्या कार्डाने कमी होत नाहीत.

गुरुजी समितीवर आणखी सहा वर्षं होते. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत ते उभे राहत आणि तीनच गोष्टी विचारत. यादीत आज किती? वर्षभरात यादीत असताना किती गेले? आणि त्यांना घ्यायला नेमकं काय कमी पडलं, यंत्र, माणूस की पाणी? उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय ते खाली बसत नसत.

तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातही अशी यादी असेल. डायलिसिसची असेल, अतिदक्षता विभागातल्या खाटांची असेल, नवजात बाळांच्या कक्षाची असेल. एकदा जाऊन ती भिंतीवर लावली आहे का ते पाहा. नसेल तर मागा. आणि मिळाली की शेवटच्या नावावर बोट ठेवून विचारा, याला जागा का नाही, आणि ते कुणी ठरवलं.